नलूताईंचा पहिला नंबर

"तू कुठं बसली होती?"

रायपूरला बदली होऊन मला जेमतेम आठ दिवस झाले होते. ब्राह्मणपाऱ्यात नलूताई मुळ्यांच्या घरी वरची खोली भाड्यानं घेतली होती, आणि पहिल्याच रविवारी त्या मला गल्लीतल्या मराठी मंडळाच्या वाचनालयात घेऊन गेल्या होत्या. तिथं चारपाच मंडळी कागदावर पोहे आणि त्यावर जलेबी ठेवून गाण्याबद्दल वाद घालत बसली होती. मीही उत्साहानं बोलून गेले, की कॉलेजात असताना पुण्याच्या एका मोठ्या संगीत महोत्सवात ऐकलेलं गाणं मी जन्मात विसरणार नाही.

"मंडपात बसले होते," मी म्हणाले.

"मंडपात कुठं?"

"मधे कुठंतरी. उजव्या बाजूला."

"समोर कोणाचं डोकं होतं?"

"डोकं? ते कसं आठवेल?"

"गाणं सुरू असताना काय खाल्लं?"

"बटाटेवडा," मी बेसावधपणे सांगून टाकलं. "म्हणजे मधे थोडा वेळ बाहेर गेलो होतो आम्ही मैत्रिणी."

नलूताईंनी हातातला चहाचा पेला खाली ठेवला आणि निकाल दिला, "मंग तू गाणं नाही ऐकलं, पोट्टी. तू गाण्याच्या जागी जाऊन आली."

सगळे हसले. मला राग आला. दोन दिवसांनी मात्र जिना चढताना मी थांबले, कारण त्या गाण्यातलं मला खरोखर काहीच आठवत नव्हतं. आठवत होती ती वड्यासोबतची मिरची.

नलूताई तेव्हा सत्तरीच्या जवळ आल्या होत्या. ठेंगण्या, काटक, केस मागे घट्ट बांधलेले, आणि बाराही महिने सुती साडी. लग्न केलं नव्हतं. काहून नाही केलं असं कोणी विचारलंच तर म्हणत, "लाइन एंगेज होती." टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी ट्रंक ऑपरेटर म्हणून नोकरी सुरू केली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली. कानाला हेडफोन, समोर वायरींचं जाळं, आणि स्वतःच्या तोंडून दिवसभर निघायचं ते फक्त "बोला" आणि "हं". त्यामुळं त्यांना ऐकायची एक वेगळीच सवय लागली होती. माणूस बोलत असला की त्या त्याच्याकडं बघत नसत. मान थोडी उजवीकडं झुकवून जमिनीकडं बघत. नव्या माणसाला वाटायचं, बाईंचं लक्ष नाही. मग त्या त्याच्याच वाक्यातला एखादा शब्द उचलून त्याच्या हातात ठेवत.

त्यांच्या माझ्या बोलीत पहिले काही दिवस गंमत चालली. मी सांगलीची, पण त्यांच्या लेखी नागपूरच्या पलीकडचं सगळं पुणंच. "ऐ पुणेवाली, पाणी येऊन राहिलं, भरून घे," अशी सकाळी हाक यायची. 'मले', 'तुले', 'काहून', मधेच अख्खं हिंदी वाक्य, आणि भाजीवालीशी अस्सल छत्तीसगढी. पूर्वज कधीतरी भोसल्यांच्या चाकरीत इकडं आले, तेव्हापासून मुळे रायपूरचेच. "आम्ही इथले की तिथले ते आम्हाले नका विचारू," त्या म्हणायच्या, "आम्ही जिथं गाणं असेल तिथले."

आणि ते खरंच होतं. शहरात गाणं कुठंही असो, नलूताई पहिल्या रांगेत. सोबत घडी केलेला जाड टॉवेल, कारण लोखंडी खुर्ची टोचते आणि टोचलं की लक्ष उडतं. शास्त्रीय, कव्वाली, गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन, बंगाली लोकांच्या पूजेतली गाणी, कशालाही जात. निमंत्रणाची वाट बघत नसत. गाणं संपलं की सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत नसत. हात मांडीवर तसेच. बाकीच्यांच्या टाळ्या थांबल्या की मग तीनचार टाळ्या, हळू. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "ते संपले का नाही ते आधी पाहू दे न!"

रविवारच्या वादाला नियम होते, आणि ते सगळे नलूताईंचे. विषय ठरलेला: आयुष्यात प्रत्यक्ष ऐकलेलं सगळ्यात चांगलं गाणं कोणतं. रेकॉर्ड, रेडिओ, मोबाईल चालणार नाही. ऐकीव चालणार नाही. माणूस तिथं स्वतः हजर हवा, आणि हजर होता हे उलटतपासणीत सिद्ध व्हायला हवं. शेवटचा प्रश्न नेहमी एकच असायचा, "घरी कसा गेला?" नवखा माणूस हुशारीनं सांगायचा, की अमक्याच्या स्कूटरवर, तमक्या रस्त्यानं. झालं, तिथं त्याचे गुण कापले जायचे. कारण नलूताईंचा सिद्धांत होता, की ज्याला घरी कसा गेलो ते नीट आठवतं, त्यानं गाणं अर्धंच ऐकलं.

हा सिद्धांत डॉक्टर पाठकांना अजिबात मान्य नव्हता. डॉक्टर समता कॉलोनीतले दातांचे डॉक्टर, दवाखाना आता मुलगा बघायचा. उंच, गोरे, इस्त्रीचा कुर्ता. त्यांच्या फोनमध्ये त्यांनी ऐकलेल्या मैफलींची यादी होती, राग, ठिकाण, साथीदार, सगळं नोंदवलेलं. ते म्हणायचे, "ताई, हे काय शास्त्र आहे? स्मरणशक्ती खराब असणारा माणूस सगळ्यात मोठा रसिक?"

"तुमची यादी वाचून दाखवा," नलूताई म्हणायच्या. डॉक्टर वाचायचे. त्या शेवटपर्यंत ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "छान. आता फोन खिशात ठेवा अन् पुन्हा सांगा."

दोघं तीस वर्षं भांडत होते. डॉक्टर आले नाहीत तर नलूताईंना पोहे गोड लागत नसत, आणि मग त्या समता कॉलोनीत फोन लावून विचारत, "दात पाडून राहिले का कोणाचे?"

नलूताईंच्या न्यायाची एक गोष्ट मला फार आवडते. मंडळाचे सचिव मोघे यांची मुलगी अदिती एका रविवारी वडिलांचा डबा द्यायला आली. कॉलेजात जाणारी, मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. वाद ऐकून तिनं सांगितलं, की तिचा पहिला नंबर म्हणजे मुंबईच्या मैदानावरचा एक कार्यक्रम. मोठे पडदे, धूर, पन्नास हजार माणसं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. नलूताईंनी मान उजवीकडं झुकवली.

"तू कुठं बसली होती?"

"बैठी कहाँ, नलूआजी! बैरिकेड से चिपक के खड़ी थी. तीन घंटे."

"समोर?"

"एक भैया थे, उनकी शर्ट के पीछे सिलाई उधड़ी हुई थी. मैं पूरा टाइम वही देख रही थी और रो रही थी."

"अन् घरी कशी गेली?"

अदितीनं स्वतःच्या पायांकडं बघितलं. "पता नहीं. सच में. होटल पहुँची तो एक पैर में चप्पल नहीं थी."

"मंजूर," नलूताई म्हणाल्या. डॉक्टर उभे राहिले. "ताई, अहो, तो धांगडधिंगा!" नलूताई म्हणाल्या, "धांगडधिंगा असेल. पण ही पोट्टी तिथं होती. तुम्ही तुमच्या अर्ध्या मैफलींत घड्याळाकडं पाहून राहिले होते, मी शेजारून पाहिलं आहे."

पण प्रत्येक गोष्ट त्या बोलून दाखवत नसत. डॉक्टरांच्या यादीत सगळ्यात खाली एका मोठ्या गायिकेची रायपूरची जुनी मैफल होती. त्या दिवशी बाई कशाबशा पाऊण तास गायल्या, एकच राग, तोही विस्कटलेला, आणि उठून गेल्या. संयोजक नाराज, लोक नाराज. नलूताईंच्या यादीत मात्र ती मैफल दुसऱ्या नंबरवर होती. "काहून?" असं सगळ्यांनी किती वेळा विचारलं असेल. उत्तर एकच, "सांगता येत नाही."

मी एकदा जेवताना पुन्हा विचारलं. त्यांनी भात कालवला. "त्या दिवशी दुपारी त्या बाईनं रेस्ट हाउसवरून घरी ट्रंक कॉल लावला होता. लाइन मी जोडली. बस. पुढं विचारू नोको."

"पण आता एवढी वर्षं झाली, ताई."

"लाइनवरचं सांगायचं नसते," त्या म्हणाल्या. "त्याले वर्षं नसतात. एवढं सांगतो, की त्या बाईच्या जागी मी असती त मी पाऊण तास काय, पाच मिनिटं नसती गायली." स्वतःबद्दल बोलताना त्या कधीकधी पुरुषासारखं 'सांगतो' म्हणत. डॉक्टर अजून त्या मैफलीला शून्य देतात, आणि मीही त्यांना काही सांगितलेलं नाही.

आता त्यांच्या पहिल्या नंबरबद्दल.

नलूताई तेविसाव्या वर्षी एक्स्चेंजमधल्या एका मैत्रिणीच्या भावाच्या लग्नाला धमतरीच्या बाजूच्या एका खेड्यात गेल्या होत्या. तिथं लग्नघरी पंडवानी होती. पंडवानी म्हणजे पांडवांची कथा गाऊन, बोलून, नाचून सांगायची छत्तीसगढची रीत. मुख्य गाणाऱ्याच्या हातात तंबुरा. तोच कधी धनुष्य होतो, कधी गदा. शेजारी पेटी-तबला आणि एक 'रागी'. रागीनं प्रत्येक ओळीला "हव" म्हणजे "हो" म्हणायचं, "मग काय झालं?" असं विचारायचं, आणि कथा पुढं ढकलायची. त्या दिवशी गाणारी होती मंगतीनबाई, नलूताईंच्याच वयाची. काळीसावळी, हातभर बांगड्या, आणि आवाज असा की शेजारच्या गावातली कुत्री उठून बसावीत.

"कुठं बसल्या होत्या?" डॉक्टर मुद्दाम विचारायचे.

"पैऱ्यावर. भाताच्या पेंढ्यावर."

"शेजारी?"

"एक म्हातारी. तिच्या मांडीवर बकरीचं पिल्लू. सकाळपर्यंत ते पिल्लू हललं नाही."

"घरी कशा आल्या?"

"तेच त! आजपर्यंत आठवून राहिलो."

डॉक्टर म्हणायचे, "ताई, आपण संगीताबद्दल बोलतो आहोत." यावर नलूताई चिडायच्या. एरवी त्या वादात कधी चिडत नसत.

माझ्या तिसऱ्या वर्षी मंडळाचा मोठा वर्धापनदिन आला. कोणाचं गाणं ठेवायचं यावर कार्यकारिणीत दोन महिने खल झाला. नागपूरचे गायक, पुण्याचे गायक, नाट्यगीतं, सगळी नावं आली आणि गेली. शेवटी मोघे वैतागून म्हणाले, "नलूताई, तुम्हीच सांगा. तुम्ही ज्याचं नाव घ्याल ते आणू."

नलूताईंनी नाव घेतलं, मंगतीनबाईंचं.

"पंडवानी? मराठी मंडळात?" डॉक्टर म्हणाले. "आणि ती बाई आहे का अजून? असली तर गाते का? तुम्ही तिला पंचेचाळीस वर्षांपूर्वी ऐकलं आहे."

"नाव घ्या म्हटलं, मी घेतलं," नलूताई म्हणाल्या. "आता मागं घ्यायचं असेल त सांगा."

मोघ्यांनी शब्द दिला होता. पुढच्या शनिवारी मी आणि नलूताई बसनं त्या खेड्यात गेलो. विचारत विचारत घर सापडलं. मंगतीनबाई अंगणात खाटेवर उडदाच्या वड्या वाळत घालत होत्या. केस पांढरे, गुडघे धरलेले. नवरा त्यांचा रागी होता, तो पाच वर्षांपूर्वी गेला होता. तेव्हापासून त्यांनी कार्यक्रम केला नव्हता. त्या बोलल्या तेव्हा मी दचकले. आवाज फाटलेला, कोरडा, जात्यातून आल्यासारखा.

नलूताईंनी ओळख सांगितली नाही. पंचेचाळीस वर्षांपूर्वी मी पैऱ्यावर बसले होते, असं काही म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, "गाबे का?" गाशील का?

मंगतीनबाईंनी हातातली वडी खाटेवर ठेवली. मग म्हणाल्या, "गाहूं." गाईन.

परतीच्या बसमध्ये मला राहवेना. "ताई, दोन ओळी तरी गाऊन घ्यायच्या होत्या. तुम्ही ऐकलंत ना त्यांचं बोलणं?"

"ऐकलं."

"मग?"

"आपण बोलवायले गेलो होतो," त्या म्हणाल्या. "परीक्षा घ्यायले नाही." आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांच्या मांडीवरच्या पिशवीचा बंद त्या बोटाला गुंडाळत होत्या आणि सोडत होत्या. घाबरलेल्या नलूताई मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या.

कार्यक्रम रविवारी सकाळी साडेदहाला होता. मंडळाचं सभागृह भरलं होतं, मुख्यतः नंतरच्या जेवणामुळं. मंगतीनबाई लाल काठाची साडी, चांदीचे दागिने, हातात मोरपीस लावलेला तंबुरा घेऊन उभ्या राहिल्या. रागी म्हणून त्यांचा पुतण्या आला होता. पन्नाशीचा ट्रॅक्टरवाला, कोऱ्या शर्टातला, समोर एवढी शहरी माणसं बघून पार गळालेला. त्याचा "हव" पहिल्या रांगेपर्यंतही येत नव्हता.

पहिलाच वरचा सूर फाटला. बाईंनी पुन्हा घेतला, पुन्हा फाटला. त्यांनी पट्टी खाली आणली, तर पेटीवाला चुकला. दहा मिनिटांत मागच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. पंधरा मिनिटांत लोक एकेक करून उठायला लागले. एका बाईनं मोघ्यांना विचारलं, "जेवण कितीला आहे?" ते ऐकू येईल इतक्या मोठ्यानं विचारलं. मी डॉक्टरांकडं बघितलं. ते मान खाली घालून बसले होते. मग तेही उठले, आणि दाराकडं गेले.

मंगतीनबाई ओळीच्या मधेच थांबल्या. पुतण्याकडं बघितलं. तो स्वतःच्या पायांकडं बघत होता. त्या माइकजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मोर गला बइठ गे हे, ददा हो. माफी दिहौ." माझा गळा बसला आहे, माफ करा.

तबला थांबला. पंख्यांचा आवाज येत राहिला. मला नलूताईंकडं बघवेना. आणि मग शेजारून आवाज आला, खणखणीत, स्वच्छ, ट्रंक लाइनवर दूरच्या गावाला ऐकू जावा असा.

"हव! फेर का होइस?"

हो, मग काय झालं?

मंगतीनबाईंनी डोळे बारीक करून खाली बघितलं. "कोन अस?"

"सुनइया आंव, बहिनी," नलूताई बसल्या जागेवरूनच म्हणाल्या. ऐकणारी आहे, बहिणी. "तैं बता न. राजा दरवाजा में आइस. फेर का होइस?"

मंगतीनबाईंनी तंबुरा खांद्यावर टाकला आणि त्या सांगायला लागल्या. गायल्या नाहीत, सांगितलं. त्याच फाटक्या आवाजात, हळू. राजा दारात आला, तेव्हा आत कोणी नव्हतं.

"हव."

चुलीत विस्तव नव्हता.

"सिरतोन?" खरंच?

सिरतोन वो बहिनी. अन् राजानं हाक मारली.

"का कहिस?" काय म्हणाला?

प्रश्न येत गेले आणि कथा उलगडत गेली. नलूताईंची मान उजवीकडं झुकली होती, नजर जमिनीवर. कुठं "हव" म्हणायचं, कुठं गप्प राहायचं, कुठं विचारायचं, हे त्यांना कसं कळत होतं देव जाणे. मंगतीनबाई माइक सोडून पुढं आल्या. गुडघे दुखत असणार. त्या सरळ मंचाच्या काठावर बसल्या, पाय खाली सोडून, नलूताईंच्या अगदी समोर. आता माइकवर काहीच येत नव्हतं. ऐकू यावं म्हणून लोक पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर येऊन बसायला लागले. बाहेर गेलेले दारात येऊन उभे राहिले. तंबुरा एकदा गदा झाला आणि लाकडी मंचावर असा आदळला, की मोघ्यांच्या हातातून पानांचं तबक पडलं. पुतण्याला धीर आला. तोही मधूनमधून "हव" म्हणायला लागला. तेव्हा नलूताईंनी आवाज खाली आणला आणि हळूहळू सगळी जागा त्याला देऊन टाकली.

अगदी शेवटी मंगतीनबाईंनी चार ओळी गायल्या. आवाज फाटलेलाच होता. पण कथेतली बाई त्या वेळी रडत होती, आणि रडणारीचा आवाज तसाच असतो.

संपलं तेव्हा कोणी टाळी वाजवली नाही. बऱ्याच वेळानं वाजल्या, आणि थांबेनात.

जेवणानंतर आम्ही मंगतीनबाईंना गाडीपर्यंत सोडायला गेलो. त्यांनी नलूताईंची हनुवटी धरली आणि विचारलं, "तैं पहिली घलो आए रहेस का?" तू आधीही आली होतीस का?

"हव. तैं जवान रहेस."

"तब बने गावत रहेंव न?" तेव्हा चांगली गात होते ना मी?

मी मनात म्हटलं, आता काहीतरी गोड बोला, ताई. पण नलूताईंना गाण्याबद्दल खोटं बोलता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, "हव. तब बने गावत रहेस. आज बने सुनाएस." तेव्हा चांगलं गायलीस, आज चांगलं सांगितलंस.

मंगतीनबाई हसल्या. वरचे दोन दात नव्हते. गाडी सुटेपर्यंत त्यांनी नलूताईंचा हात सोडला नाही.

पुढच्या रविवारी डॉक्टर वेळेआधी येऊन बसले होते. पोह्यांना हात न लावता म्हणाले, "मी माझा पहिला नंबर बदलतो आहे."

नलूताईंनी मान झुकवली. "कुठं बसले होते?"

"बसलो नव्हतो. दारात होतो. निघालोच होतो मी, ताई. गाडीची चावी हातात होती." त्यांनी पोह्यांचा कागद बाजूला सारला. "तुम्हाला तिथं एकटं सोडून निघालो होतो."

"ते मी पाहिलं. पुढं सांगा. शेजारी कोण होतं?"

"मंडळाचा आचारी. झारा हातात घेऊन उभा होता."

"अन् घरी कसे गेले?"

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "संध्याकाळी बायकोनं विचारलं, गाडी कुठे आहे. तेव्हा लक्षात आलं. गाडी इथंच हॉलसमोर राहिली होती. मी पायी गेलो असणार."

वाचनालयात इतका मोठा हशा तीस वर्षांत झाला नसेल. डॉक्टरही हसले, चष्मा काढून डोळे पुसत हसले. नलूताई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मंजूर. तुमचा मंजूर."

"आणि तुमचा?" मोघ्यांनी विचारलं. "तुमचाही आता हाच पहिला असेल."

"माझ्या यादीत तो नाहीच," नलूताई म्हणाल्या. "मी कुठं ऐकलं? मी त्या दिवशी ड्यूटीवर होती."

त्यानंतर महिन्यातून एकदा त्या मंगतीनबाईंकडं जाऊ लागल्या. जाताना मंडळाच्या ग्रंथपालासारखा गंभीर चेहरा, येताना पिशवीत उडदाच्या वड्या. तिथं काय करता असं विचारलं तर म्हणत, "बसतो." पुतण्या मला एकदा बाजारात भेटला. त्यानं सांगितलं, की आता दुपारी पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बाया अंगणात जमतात आणि काकी पुन्हा कथा सांगते. त्याला दोन ठिकाणी रागी म्हणून बोलावणंही आलं होतं.

नलूताई गेल्या त्याला आता दीड वर्ष झालं. मी तेव्हा नाशिकला होते. डॉक्टरांनी फोन करून सांगितलं, आणि मग आम्ही दोघंही लाइन धरून बसलो.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते माझ्या बदलीच्या दिवशी. माझी गाडी दुपारची होती आणि त्यांचा खेड्याला जायचा दिवस होता, म्हणून टॅक्सीनं आधी त्यांना बसस्टँडवर सोडलं. मी पाया पडले. "चिठ्ठी-बिठ्ठी नोको लिहू," त्या म्हणाल्या, "फोन कर. फोन मले चांगला समजते." आणि बसमध्ये चढून खिडकीशी बसल्या.

बस निघायला वेळ होता, म्हणून मी खाली उभी राहिले. त्यांच्या मागच्या सीटवर गळ्यात गमछा घातलेला एक माणूस होता. तो शेजाऱ्याला काहीतरी रंगून सांगत होता, हातांनी हवेत मोठा ढोल दाखवत होता. नलूताईंनी आधी मान थोडी वळवली. मग अख्ख्या वळल्या, एक हात सीटच्या दांड्यावर ठेवून. काचेतून शब्द ऐकू येत नव्हते. त्यांनी बोट उचललं. त्या माणसानं डोकं हलवलं, नाही, नाही. पलीकडची एक बाई मुलाला कडेवर घेऊन मधे पडली. तेवढ्यात कंडक्टर आला. तो भाडं मागायच्या ऐवजी काखेतली पेटी सीटवर टेकवून स्वतःचं काहीतरी सांगायला लागला, आणि नलूताईंनी त्यालाही हातानं थांबवलं.

ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. बस वळली. मी हात हलवला, पण त्यांची पाठ माझ्याकडं होती.